कागदापुरता घटस्फोट

बदल्यांचा नवा आदेश आला त्या दिवशी अभिमन्यू जेवता जेवता थांबला, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि बायकोला म्हणाला, "गंगासागर, आपून घटस्फोट घेऊ."

"घेऊ," गंगासागर म्हणाली. "भाकरी टाकू का अजून एक?"

नवऱ्याच्या बोलण्यातलं निम्मं ऐकायचं नसतं आणि उरलेल्या निम्म्याला हो म्हणायचं असतं, हे ती संसाराच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. तव्यावरची भाकरी उलटल्यावर मात्र तो शब्द तिच्या कानातून डोक्यात उतरला आणि उलथनं हातातच राहिलं.

युसूफ वडगावात अभिमन्यूचं दाखल्यांचं दुकान होतं. घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक, एक छपाईचं यंत्र आणि गावभरच्या लोकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा, कुठलाही दाखला असो, अभिमन्यू काढून द्यायचा. त्यातूनच त्याला एक तत्त्वज्ञान सापडलं होतं आणि ते तो गिऱ्हाइकाला चहाबरोबर फुकट पाजायचा. "कागद येगळा, माणूस येगळा. जित्या माणसाला हयातीचा दाखला लागतो का न्हाई? बसला समोर ढेकर देत, तरी कागद न्हाई म्हणून मेलेलाच. मंग? माणसाला कोण इचारतंय?" तो चहा आतून गंगासागर करून पाठवायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, गाव तिला मॅडम म्हणायचं आणि अभिमन्यू तिला "अगं दोन कप" म्हणायचा.

आदेश असा होता की एकाच शाळेत मुरलेल्या शिक्षकांना उचलून दुसरीकडे टाकायचं. गंगासागरच्या वाट्याला चकलांब्याच्या पलीकडची एक वस्ती येणार, हे जवळपास ठरल्यातच होतं. म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथं खोली करून राहायचं आणि शनिवारी यायचं. अभिमन्यूने विचार केला, तेव्हा त्याला दिसलं की चकलांब्याला नुसती बायको जाणार नाही. सकाळचा चहा, अंघोळीचं पाणी, दोन वेळची भाकरी आणि आईच्या गोळ्यांची आठवण हे सगळं एकाच एस.टी.त बसून जाणार आहे. मग त्याने आदेश पुन्हा वाचला, आणि खालच्या बाजूला त्याला फट सापडली. विधवा, परित्यक्ता आणि घटस्फोटित शिक्षिकांनी मागितली तर बदलीतून सूट.

"मला चकलांबा चालंल," गंगासागर हळूच म्हणाली.

"आन मला?" अभिमन्यू म्हणाला.

चकलांब्याचा विषय तिथंच संपला. लोक काय म्हणतील, लातूरला वसतिगृहात बारावी करणाऱ्या पोराला काय सांगायचं, हे तिने विचारून पाहिलं. त्यावर अभिमन्यूचं उत्तर तयार होतं. कागदापुरता घटस्फोट. बदल्या उरकल्या की रजिस्टर लग्नाचा दुसरा कागद. मधल्या काळात ह्या घरातली वाटीसुद्धा जागची हलणार नाही. कागद येगळा, माणूस येगळा.

सिद्धाराम वकील अभिमन्यूचा वर्गमित्र. त्याने परस्परसंमतीचा अर्ज लिहिला. नवरा-बायको वर्षभरापासून वेगळे राहतात, असं त्यात घातलं आणि दोघांनी त्याच्यासमोर एकाच डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात सह्या केल्या. पहिल्या तारखेला दोघं एकाच मोटारसायकलवरून कोर्टात आले, तेव्हा सिद्धाराम फाटकातच कपाळाला हात लावून उभा राहिला. पुढच्या तारखांना वेगवेगळे या, म्हणाला. त्याप्रमाणे अभिमन्यू मोटारसायकलवर आला आणि गंगासागर भर उन्हात एस.टी.ची वाट बघून आली. घटस्फोट दोघांचा होता, पण त्रासाची वाटणी नेहमीसारखीच झाली.

कोर्टाने विचार करायला सहा महिने दिले. बदल्यांची तारीखही दरवर्षीप्रमाणे पुढे ढकलली गेली, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. एक अडचण मात्र निघाली. कोर्टाने दोघांना समुपदेशनाला पाठवलं. तिथं एक बाई नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारणार होत्या.

"तक्रारी सांग," दाराबाहेर अभिमन्यूने तिला शिकवलं. "खऱ्या वाटल्या पायजेत. न्हाई तर बाई म्हणंल, नांदा."

"काय सांगू?"

"काय बी. नवरा ऐकून घेत न्हाई, म्हण. घरात काडी इकडची तिकडं करत न्हाई, म्हण. रडू आलं तर रड."

अभिमन्यू आत गेला तो टपरीवरचा चहा निवायच्या आत बाहेर आला. मग गंगासागर गेली. अभिमन्यूने चहा घेतला. पेपर वाचला, राशिभविष्यासकट. दोन पेरू मीठ लावून खाल्ले. बाकावर डुलकी काढली आणि उठून पाहतो तो दार बंदच. शेवटी ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण डोक्यावरचा भरला हंडा उतरवून ठेवल्यासारखी मान सरळ झाली होती.

"जमलं का?"

"जमलं."

"एवढं काय सांगितलंस?"

"तुमीच म्हणलात ना, खऱ्या वाटल्या पायजेत."

तिच्यामागून समुपदेशक बाई दारात आल्या, अभिमन्यूकडे नखशिखांत बघितलं आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. समेटाची शक्यता नाही, असं त्यांनी लिहून दिलं. परतीच्या वाटेवर, म्हणजे केज गाव ओलांडून ओळखीचं कुणी दिसेनासं झाल्यावर, अभिमन्यूने बायकोला एस.टी.तून उतरवून मोटारसायकलवर घेतलं आणि घरापर्यंत तिचं कौतुक केलं. नाटकात पायजे होतीस तू, असं तो दोनदा म्हणाला. ती मागे बसून काहीच बोलली नाही, पण ती कधीच काही बोलत नसल्यामुळे त्याच्या ते लक्षात आलं नाही.

घटस्फोट झाला. सूट मिळाली. त्या आनंदात घरात पुरणपोळ्या झाल्या, त्याही गंगासागरनेच केल्या. एवढ्यावर गप्प बसला असता तर तो अभिमन्यू कसला. त्याने ही हुशारी चौकातल्या हॉटेलात एकेकाला बाजूला घेऊन सांगितली आणि प्रत्येकाला बजावलं की कुणाला सांगू नको. अशी बाजूला घ्यायची माणसं संपेपर्यंत गोष्ट गंगासागरच्याच शाळेतल्या हनुमान गुरुजींपर्यंत पोचली.

हनुमान गुरुजींना ही गोष्ट ऐकून हसू येण्याचं कारण नव्हतं. गंगासागर सुटली म्हणून चकलांब्याच्या पलीकडची ती वस्ती घरंगळत त्यांच्याच पदरात पडली होती. त्यांनी त्याच दिवशी वरती तक्रार केली की हा घटस्फोट बोगस असून नवरा-बायको एकाच छपराखाली सुखाने नांदत आहेत. चौकशी समिती येणार असं ठरलं.

सिद्धाराम धावत आला आणि म्हणाला, समिती येऊन जाईपर्यंत तुमच्यातलं एक जण घराबाहेर निघा. आता निघायचं कुणी, ह्यावर विचार करायला जागाच नव्हती. घर गंगासागरच्या नावावर होतं. बाईच्या नावाने खरेदी केली की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून ते तिच्या नावावर करायचं डोकं अभिमन्यूनेच चालवलं होतं. तेव्हा अभिमन्यूने गादी गुंडाळली, स्टोव्ह घेतला आणि शेतातल्या मोटारीच्या खोलीकडे निघाला. उंबऱ्यात आईला हाक मारली.

"आई, चल."

"कुठं?" केसरबाई लसूण सोलत होत्या.

"शेतात. चार दिसाची गोष्ट हाय."

"म्या कावून येऊ? घटस्फोट तुला झालाय, मला न्हाई झाला." केसरबाईंनी पुढची पाकळी उचलली. "मपली सून मपल्याजवळ हाय. तू जा, उशीर व्हायलाय तुला."

समिती आली ती भर दुपारी. एक अधिकारी बाई आणि सोबत दोघं. अभिमन्यूने शेजाऱ्यांना आधीच पढवून ठेवलं होतं की आमची लई भांडणं व्हायची असं सांगा, आणि स्वतः समोरच्या पानपट्टीआड उभा राहून ऐकत होता. पहिली जबानी शेजारच्या साखराबाईंची. त्या बिचाऱ्या खोटं बोलायचं ठरवून आल्या होत्या, पण अधिकारी बाईंनी पाठीवर हात ठेवल्यावर त्यांना ते जमेना.

"भांडणं कशाची व्हत्यात बाई," साखराबाई म्हणाल्या. "भांडाया दोघं लागतेत. ह्यो एकलाच बोलायचा. ती तापानं फणफणली तरी म्हणायचा, अगं दोन कप."

पुढच्या शेजाऱ्यानेही जवळपास हेच सांगितलं, त्याच्या पुढचीनेही. पानपट्टीआड अभिमन्यू आधी खूष झाला, कारण काम फत्ते होत होतं. मग त्याच्या मनात आलं की एवढं हुबेहूब खोटं ह्यांना सुचलं तरी कसं. विचार करता करता पानाचा चुना त्याच्या जिभेला लागला आणि तो विषय तेवढ्यावरच राहिला.

समितीने घटस्फोट खरा आहे, असं लिहिलं. जाता जाता अधिकारी बाईंना पुढच्या खोलीतलं दुकान दिसलं. माजी नवरा दिवसभर ह्याच घरात येऊन बसतो, ह्याचा तुम्हाला त्रास होतो का, असं त्यांनी गंगासागरला विचारलं. गंगासागर खाली बघत गप्प राहिली. तिचं गप्प राहणं आजवर सगळ्यांनी अभिमन्यूच्या बाजूने मोजलं होतं. ह्या बाईंनी ते पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने मोजलं. दुकान तिथून हलवावं, असा शेरा पडला, आणि संगणक एस.टी. थांब्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला.

चार दिवसांचे चार महिने झाले. तक्रार मिटली की परत जाऊ म्हणावं, तर गुरुजींनी वरच्या साहेबांकडे दुसरी तक्रार घातली. ते चकलांब्याहून शनिवारी आले की आधी घरी न जाता गंगासागरच्या गल्लीतून मोबाईल उगारून एक चक्कर टाकायचे. त्यामुळे अभिमन्यूला घरी जाता येईना. शेतात त्याने भाकरी थापून पाहिली. ती शेतातल्या कुत्र्याने हुंगून परत केली. पत्रा तापायचा तसा संगणक बंद पडायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, पहिल्यासारखा चहा पाज की. अधूनमधून तो मागच्या दाराने आईला भेटायला जायचा. तिथून त्याला घरात होणारे बदल दिसायचे. दुकानाच्या जागी गंगासागरने झोका टांगला होता. शाळेतून आली की ती झोक्यावर बसून पुस्तक वाचायची. एकदा तर त्याने डोळ्यांनी पाहिलं की केसरबाई तिला चहा आणून देत होत्या. त्याला स्वतःला आईच्या हातचा चहा लग्नानंतर कधी मिळाला नव्हता, कारण लग्नानंतर आईने चुलीचा राजीनामाच दिला होता. त्या दिवशी तो सरळ सिद्धारामकडे गेला.

"हा घटस्फोट रद्द कर," अभिमन्यू म्हणाला. "पोट बिघडलं मपलं."

"करू की. कोर्टात जाऊन सांगू, आमी खोटं बोललो व्हतो. गंगावैनीची नोकरी जाईल. तू आत जाशील, तुझ्यामागं म्या." सिद्धारामने चष्मा पुसला. "तुझ्या बापानं नाव बराबर ठिवलंय बे. आत घुसायचं तेवढं ठावं, भाईर यायचं पुसूच नको."

"मंग?"

"मंग काय, लगीन कर तिच्यासंगट पुन्हा. तिला इचारलंस का?"

"न्हाई. तिला काय इचारायचं?"

"पैल्या टायमाला इचारलं व्हतंस का?"

अभिमन्यूने बराच वेळ आठवून पाहिलं. पहिल्या वेळी त्याने तिला फक्त स्वयंपाक येतो का, एवढं विचारलं होतं आणि त्याचंही उत्तर मामाने दिलं होतं.

श्रावण आला. केसरबाईंच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण व्हायचा आणि पूजेला लेक-सून जोडीने बसायचे. त्यात ह्या वर्षी खंड पडू द्यायचा नाही असं केसरबाईंनी ठरवलं. पूजेला यायला मनाई असल्याचा कागद कुणी दाखवा, असं म्हणून त्यांनी लेकाला निरोप धाडला. अभिमन्यूला हीच संधी वाटली. हनुमान गुरुजींची दुसरी तक्रारही त्याच आठवड्यात फेटाळली गेली होती. आता पूजा झाली की गंगासागरला सांगायचं, सोमवारी रजिस्टर लग्न. संध्याकाळी पहिला चहा स्वतःच्या घरी. तो दाढी करून, धोतर नेसून आला आणि पाटावर बसला. सवयीने उजव्या हाताला जागाही सोडली.

सगळी गल्ली जमली होती. हनुमान गुरुजी सगळ्यांच्या पुढे मांडी घालून, मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते. पूजा सांगणाऱ्या जोशीकाकांनी पळी उचलली आणि रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

"मॅडम कुठं आहेत?"

गंगासागर स्वयंपाकघराच्या दारात प्रसादाचं पातेलं घेऊन उभी होती. "काका, आमचा घटस्फोट झालाय," ती शांतपणे म्हणाली. "कागद हाय."

सगळे अभिमन्यूकडे बघू लागले. गुरुजींनी मोबाईल उचलला. जोशीकाका अवघडले. बायको गावाला गेली असेल किंवा अडचणीची असेल तर तिच्या जागी कमरेला सुपारी लावून नवऱ्याला बसवतात. घटस्फोटाचं पोथीत काही नाही, म्हणाले, पण सुपारी चालवून घेऊ. त्यांनी ताटातली एक चिकणी सुपारी उचलून अभिमन्यूच्या हातात दिली आणि अभिमन्यूने ती सगळ्यांदेखत धोतराच्या निऱ्यांत खोचली.

पाच अध्यायांत ती सुपारी त्याला बरोबर हाडावर टोचत राहिली. साधुवाण्याची नौका बुडाली तेव्हा तो कळवळला, पण ते नौकेसाठी नव्हतं. शेवटी नमस्काराला वाकला आणि सुपारी निसटली, घरंगळत गेली ती थेट गंगासागरच्या पायाशी थांबली. तिने ती उचलली, पदराला पुसली आणि जोशीकाकांकडे दिली. काकांनी ती परत अभिमन्यूकडे दिली. ह्यावर कुणी हसलं नाही, फक्त साखराबाईंना एकदम खोकला आला.

आरती झाली, लोक प्रसादाला रांगेत बसले, तेव्हा अभिमन्यूने स्वयंपाकघराच्या दारात गंगासागरला गाठलं. बदल्या उरकल्या, तक्रारी मिटल्या, सोमवारी सिद्धारामला घेऊन जाऊ आणि कागद करून टाकू, असं त्याने एका दमात सांगितलं. गंगासागर द्रोणात शिरा भरत होती.

"आन पुढच्या बदल्या आल्या की?" तिने विचारलं.

"त्याचं काय?"

"पुढच्या टायमाला बी इचारतेत ना, घटस्फोटित हाव का म्हणून. तवा कागद कुठून आणायचा? राहू द्या की हाय तसा. म्या रिटायर होस्तोवर कामाला येईल."

हिशेब चोख होता. इतका चोख की तो आपल्याला कसा सुचला नाही, ह्याचं अभिमन्यूला क्षणभर वैषम्य वाटलं. मग तो एक पाऊल आत सरकला.

"कागदाचं सोड गं," तो म्हणाला. "म्या माणसाचं बोलायलोय."

गंगासागरने पळी खाली ठेवली. "माणसाचं म्या त्या कोर्टातल्या बाईला सांगितलं. कुणी कवा इचारलंच नव्हतं, तर सांगत गेले. सांगता सांगता मलाच पैल्यांदा ऐकू आलं. तवा तुमी भाईर पेरू खात व्हतात." तिने भरलेला द्रोण बाजूला ठेवला. "मला वाटलं व्हतं, येताना तरी इचारताल, काय सांगितलंस, खरं का खोटं. तुमी म्हणलात, नाटकात पायजे व्हतीस."

अभिमन्यूने निऱ्यांत परत खोचलेली सुपारी चाचपली.

"आजवर तुमच्या कुठल्या गोष्टीला न्हाई म्हणले न्हाई," गंगासागर म्हणाली. "चकलांब्याला न्हाई म्हण म्हणलात, म्हणलं. घटस्फोट घेऊ म्हणलात, घेतला. ही एकच गोष्ट. न्हाई." आणि तिने त्याच्या हातात शिऱ्याचा द्रोण ठेवला, बाकीच्या पाहुण्यांना दिला तेवढाच.

अभिमन्यू द्रोण घेऊन बाहेर आला. झोक्यावर केसरबाई बसल्या होत्या आणि हनुमान गुरुजींना आग्रहाने दुसऱ्यांदा शिरा वाढायला सांगत होत्या. जोशीकाका चौरंग आवरून दक्षिणेचे तांदूळ पिशवीत भरत होते. अभिमन्यूने निऱ्यांतून सुपारी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

जोशीकाकांनी एकदा सुपारीकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि पिशवीची गाठ मारली.

"राहू द्या तुमच्याजवळच," ते म्हणाले. "पुढच्या श्रावणात पुन्हा कुठं हुडकता."